टेक क्लबकडे गर्दी मागू नका: फॉरेन इंटर्नशिपसाठी क्लबशी पार्टनरशिप कशी करायची

तुम्ही एखाद्या एक्सचेंजवाल्या (म्हणजे इंटर्नशिपसाठी देशोदेशीच्या मुलांची ने-आण करणाऱ्या) विद्यार्थी संस्थेत आहात, बाहेरच्या देशांतल्या आयटी इंटर्नशिप हातात आहेत आणि त्यावर पाठवायला कोडिंग येणारी मुलंच सापडत नाहीयेत, तर हे तुमच्यासाठी. टेक क्लब चालवत असाल तरी वाचा, म्हणजे उद्या कोणी पार्टनरशिप पार्टनरशिप करत दारात आलं की त्याला काय विचारायचं ते कळेल.

आमचं पहिलं वर्ष सांगतो. क्लबच्या अध्यक्षाला भेटलो, दोन्ही लोगो टाकून पोस्टर केलं, मोठ्या हॉलमध्ये सेमिनार घेतला, शंभरावर फॉर्म आले, आम्ही हवेत. पुढे फोन लावायला बसलो तर निम्म्या लोकांना आपण कशासाठी फॉर्म भरला हेच आठवत नव्हतं, काहींकडे पासपोर्ट नव्हता, आणि जे चारपाच जण इंटरव्ह्यूपर्यंत पोचले ते पहिल्याच टेक्निकल प्रश्नाला गळाले. गेलं कोणीच नाही. क्लबने मागितली तेवढी गर्दी दिली होती, चूक आमचीच, कारण आम्ही मागितलीच गर्दी.

ही अडचण सगळ्या संस्थांना सारखी नसते. आयसेक (AIESEC) ही अशीच एक आंतरराष्ट्रीय एक्सचेंज संस्था १९४८ साली सुरू झाली तेव्हा तिच्या पूर्ण नावातच अर्थशास्त्र आणि कॉमर्सचे विद्यार्थी होते, आणि आजही अशा संस्थांच्या कमिटीत मॅनेजमेंटकडची मुलं भरपूर दिसतात, त्यांना समोरच्याचं कोडिंग बरं की वाईट हे कळणार कसं. आयएस्टे (IAESTE) ही दुसरी एक्सचेंज संस्था पण १९४८ चीच, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात सुरू झालेली, पण ती पहिल्यापासून टेक्निकल विद्यार्थ्यांसाठीच. म्हणजे आधी स्वतःकडे बघा, तुम्हाला मुलं कमी पडतायत की मुलं पारखणारे कमी पडतायत. बहुतेक वेळा पारखणारेच कमी असतात.

क्लबला भेटायच्या आधी

रिकाम्या हाताने जाऊ नका. आठदहा खऱ्या ओपनिंग एका पानावर लिहा: काम काय (वेबसाइट, अ‍ॅप, डेटा, टेस्टिंग), कुठली भाषा किंवा फ्रेमवर्क यायला हवं, कधीपासून किती आठवडे, स्टायपेंड किती आणि त्यात तिथलं राहणं-खाणं निघतं का, इंग्लिश पुरतं की अजून एखादी भाषा लागते. "खूप देशांत खूप संधी आहेत" हे वाक्य ऐकून क्लबवाले मान हलवतात आणि विसरतात. "पायथॉन आणि एसक्यूएल येणारं एक जण हवंय, जूनपासून बारा आठवडे" म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात लगेच दोन नावं येतात, आणि आपल्याला तीच दोन नावं हवी असतात.

आयएस्टेसारख्या अदलाबदलीवर चालणाऱ्या संस्थेत असाल तर गणित थोडं वेगळं आहे. तिथे आपल्या देशातल्या कंपन्यांकडून परदेशी विद्यार्थ्यांसाठी जेवढ्या जागा आणाल साधारण तेवढ्याच जागा आपल्या मुलांना मिळतात, आणि ही अदलाबदल जानेवारीतल्या वार्षिक परिषदेत होते. म्हणजे क्लबकडून मुलांच्याही आधी कंपन्यांच्या ओळखी मागायच्या. क्लबचे जुने मेंबर आता कुठे कुठे नोकरीला असतात, त्यातल्या एकाने आपल्या टीममध्ये परदेशी इंटर्न घ्यायचं ठरवलं की इकडच्या एकाची जायची सोय झाली. हे क्लबला नीट समजावून सांगा, त्यांना ते आवडतं, कारण त्यात त्यांचा मेंबर जाणार हे स्पष्ट दिसतं.

कुठला क्लब

सगळ्यात मोठा नको, सगळ्यात जास्त काम करणारा हवा. आय ट्रिपल ई (IEEE, इंजिनिअर लोकांची जागतिक संस्था) ची स्टुडंट ब्रांच, एसीएमचं (ACM, कॉम्प्युटरवाल्यांची तशीच संस्था) स्टुडंट चॅप्टर, गुगलचा कॅम्पसवरचा डेव्हलपर ग्रुप (२०२४ पर्यंत डेव्हलपर स्टुडंट क्लब म्हणायचे तो), रोबोटिक्सवाले, ओपन सोर्सवाले, मुलींचे कोडिंग ग्रुप, आणि कधीकधी नाव नसलेला एक चॅट ग्रुप जिथे रात्री दोनला लोक एकमेकांचे बग शोधत बसलेले असतात. शेवटचा सापडला तर सोडू नका. ओळखायची सोपी खूण म्हणजे गेल्या तीन महिन्यांत त्यांनी काय बनवलं ते विचारा, फक्त कार्यक्रमांचे फोटो दाखवले तर तिथे काम होत नाही असं समजा.

आय ट्रिपल ई च्या ब्रांचला काउन्सेलर म्हणून एक प्राध्यापक असतात, एसीएमच्या चॅप्टरलाही फॅकल्टी स्पॉन्सर लागतो. मुलांशी सगळं ठरवून पोस्टर छापायला टाकायचं आणि मग सर किंवा मॅडम "मला कोणी विचारलं नाही" म्हणणार, असं होऊ देऊ नका, दुसऱ्याच भेटीत त्यांना सामील करून घ्या. लोगोचंही तसंच, मोठ्या संस्थांचे नाव आणि लोगो वापरायचे नियम असतात, आधी विचारायचं.

काय द्यायचं, काय मागायचं

क्लबला एक्सपोजर नको असतं आणि सर्टिफिकेट तर त्यांच्याकडे ढीगभर असतात. त्यांना काय लागतं? मेंबर टिकवायला काहीतरी कारण. ते तुम्ही देऊ शकता: त्यांच्या मेंबरना ओपनिंग बाकीच्यांच्या तीन दिवस आधी दाखवा, इंग्लिशमधून मॉक इंटरव्ह्यू घ्या (कोड लिहिता येतो पण आपण काय केलं ते बोलता येत नाही अशी मुलं खूप असतात, आणि बोलणं हा तुमच्या कमिटीचा हातखंडा), परत आलेल्या इंटर्नना त्यांच्याच मीटिंगमध्ये बोलायला पाठवा.

आणि मागायचं ते त्यांचं मत. क्लबने दोन जण द्यायचे, ते प्रत्येक इच्छुकाचा एक प्रोजेक्ट बघतील, वीस मिनिटं बोलतील आणि तीनपैकी एक शेरा देतील: आत्ता पाठवा, तीन महिन्यांनी, नाही. बस्स. मार्क नकोत, रँक नको. मुख्य प्रश्न एकच, "हे तू स्वतः केलंस का, आणि यातला हा भाग असाच का लिहिलास?" उसनं आणलेलं काम इथे लगेच उघडं पडतं. एक अडचण मात्र नेहमी येते, ती म्हणजे क्लबचा अध्यक्ष स्वतःच सगळ्यात चांगला कँडिडेट असतो आणि त्यालाच जायचं असतं. जाऊ द्या की, फक्त त्याचा आणि त्याच्या प्रोजेक्ट पार्टनरचा शेरा दुसऱ्या कोणीतरी द्यायचा.

माणशी कमिशन देऊ नका. एका वर्षी कोणीतरी सुचवलं होतं, प्रत्येक सिलेक्शनमागे क्लबला काही रक्कम द्यायची, ऐकायला बरं वाटलं, पण पैसे आले की "तीन महिन्यांनी" वाले सगळे "आत्ता पाठवा" होतात. द्यायचेच असतील तर एखाद्या कार्यक्रमाचा खर्च उचला.

पहिला मेसेज साधा ठेवा, साधारण असा: "हाय, मी अमुक संस्थेतून. आमच्याकडे जूनपासूनच्या आठ डेव्हलपर इंटर्नशिप आहेत, यादी सोबत पाठवतोय. त्यातल्या किती तुमच्या मेंबरना खरंच जमतील हे आम्हाला कळत नाही, तुम्हाला कळेल. अर्धा तास भेटू शकतो का? पोस्टर किंवा स्पॉन्सरशिप मागायला येत नाहीये." त्या शेवटच्या वाक्याने उत्तरं जास्त आली असा आमचा अनुभव.

तारखा उलट्या मोजा

इंटर्नशिप जूनमध्ये सुरू व्हायची असेल तर क्लबशी पहिली भेट नोव्हेंबरमध्ये, कारण मध्ये परीक्षा, सुट्ट्या, कंपनीचे दोन इंटरव्ह्यू आणि सगळ्यात मोठा राक्षस म्हणजे व्हिसा. अमेरिकेसाठी इंटर्नला सहसा जे-१ व्हिसा लागतो आणि त्याच्या आधी मान्यता असलेल्या स्पॉन्सरकडून डीएस-२०१९ हा फॉर्म यावा लागतो. युरोपात शेंगेनचा (तिथल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) शॉर्ट स्टे व्हिसा १८० दिवसांत ९० दिवस राहू देतो, पण राहू देतो म्हणजे काम करू देतो असं नाही, बऱ्याच देशांत पगारी इंटर्नशिपला वेगळं परमिट किंवा त्या देशाचा नॅशनल व्हिसा लागतो. हे दरवेळी त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर बघायचं, गेल्या वर्षी गेलेल्या मित्राने सांगितलं म्हणून चालत नाही.

म्हणून फॉर्ममध्ये पाचच प्रश्न: पासपोर्ट आहे का आणि कधीपर्यंत, कुठल्या महिन्यांत मोकळे आहात, एका प्रोजेक्टची लिंक, सेमिस्टर बुडणार असेल तर कॉलेज परवानगी देईल का, आणि विमान, व्हिसा, इन्शुरन्स, संस्थेची फी हा खर्च कोण करणार. शेवटचा प्रश्न विचारायला जड जातं, पण फी आणि खर्च पहिल्याच दिवशी सांगा. सिलेक्शन झाल्यावर आकडा कळलेला मुलगा फक्त तुमच्यावर नाही, क्लबवर पण चिडतो, आणि तो रोज क्लबच्याच लोकांसमोर असतो.

सेमिनारऐवजी

हॉल नको, एक लॅब आणि तीस जण पुरे. लॅपटॉप घेऊन या म्हणावं. ओपनिंग एकेक करून मोठ्याने वाचायची, ज्याला वाटतं आपल्याला जमेल त्याने हात वर करायचा, मग क्लबवाले त्यांचं गिटहब (कोड ठेवायची साइट) उघडून बघतात आणि तुमची माणसं सीव्ही. तीन तासांत सहासात जणांचे अर्ज तिथेच पूर्ण होतात. घरी जाऊन भरतो म्हणणारा भरत नाही हो, आम्हीच किती वेळा वाट बघत बसलोय.

कागद आणि शीट

एमओयू (दोघांमधला लेखी समझोता) हा शब्द ऐकला की लोक घाबरतात, एक पान पुरतं: कोण काय करणार, कुठल्या तारखेपर्यंत, लोगो कुठे वापरायचा, पैशाचं काय, माहिती कोणाला दिसणार, आणि नाही जमलं तर कसं थांबायचं. माणसाचं नाव लिहू नका, पद लिहा, कमिट्या दर वर्षी बदलतात. आणि सही नवीन कमिटी आल्या आल्या घ्या, जाता जाता घेतलेली सही पुढच्या लोकांना माहीतच नसते.

शीटबद्दल एक रडगाणं. अर्जदारांच्या यादीची आमची सामायिक ऑनलाइन शीट सगळ्यांना एडिट करता यायची, कोणीतरी फक्त नावांचा कॉलम सॉर्ट केला, बाकीचे कॉलम जागच्या जागी, आणि सिलेक्शनचे मेल भलत्याच लोकांना गेले. एका मुलीने तर घरी सांगून पण टाकलं होतं. तेव्हापासून एडिटचा हक्क दोघांनाच, आणि शीट संस्थेच्या अकाउंटवर, कोणाच्या खासगी मेलवर नाही. पासपोर्टची कॉपी शीटमध्ये किंवा ग्रुपवर कधीच नाही. युरोपातल्या संस्थेशी माहिती शेअर करत असाल तर २०१८ पासून तिथे जीडीपीआर हा खासगी माहितीचा कायदा लागू आहे, तेव्हा कोणाला काय पाठवणार याची संमती फॉर्ममध्येच घ्या. तसंही, कायदा नसता तरी विचारायला काय जातं.

दर आठवड्याला क्लबला चार आकडे कळवा: अर्ज किती, इंटरव्ह्यू किती, सिलेक्ट किती, गेले किती. नाकारलेल्यांची कारणं तर नक्की, म्हणजे शेरे देणाऱ्यांना कळतं की आपण कुठे जास्त उदार झालो. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी दोघेच गेले. त्यातला एक परत आल्यावर क्लबच्या वतीने शेरे द्यायला बसला, आणि त्याचे शेरे बाकीच्यांपेक्षा कडक निघाले. "तीन महिन्यांनी" हा शेरा त्याने इतक्या जणांना दिला की आम्हाला सप्टेंबरसाठी वेगळी यादीच करावी लागली.