जाणूनबुजून पाप करत राहणं: विश्वासणाऱ्यांनो, या चुका टाळा

जानेवारी आला की हिंजवडी, खराडी, मगरपट्टा सगळीकडच्या ऑफिसांत मेल येतो, टॅक्सचे प्रूफ सबमिट करा. जुन्या टॅक्स रेजिममधले लोक मग घरभाड्यावरची टॅक्स सूट मिळवायला भाडेपावत्यांच्या मागे लागतात, आणि त्यातले काही आपल्याच मंडळीतले, म्हणजे चर्चमधले असतात जे आईवडिलांच्या घरात राहतात, एक रुपया भाडं देत नाहीत, पण वर्षभराच्या पावत्या एकाच बैठकीत एकाच पेनाने लिहितात, रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवतात आणि पोळ्या लाटत असलेल्या आईला बोलावून सही घेतात. (आईवडिलांना खरंच भाडं देऊन क्लेम केला तर तो चालतो, मी त्याबद्दल बोलत नाहीये.) हे उदाहरण मुद्दाम आधी घेतलं कारण जाणूनबुजून केलेलं पाप म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दारू नाहीतर लफडं येतं आणि आपण त्यात नाही म्हणून आपण सुटलो असं वाटतं. इथे पावती लिहिताना माहीत असतं की खोटं लिहितोय, मागच्या वर्षीही माहीत होतं, आणि पुढच्या वर्षी पण लिहायचीच असं ठरलेलं आहे.

बायबलच्या नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र, अध्याय १०, वचन २६ अशाच माणसाशी बोलतं. सत्य कळल्यावरही मुद्दाम पाप करत राहिलो तर पापासाठी दुसरा यज्ञ शिल्लक नाही, असा त्याचा अर्थ. वचन इतकं जड आहे की आपल्याकडे एकतर ते टाळतात नाहीतर कोणाला तरी धाक दाखवायला काढतात. मला त्यात जो धोका दिसतो तो असा, की देव क्षमा करून कंटाळत नाही पण आपण तेच तेच ठरवून करत राहिलो तर एक दिवस क्षमा मागावीशीच वाटत नाही, आणि वाटत नाहीये हेही लक्षात येत नाही. खालच्या सगळ्या चुका माणसाला तिकडेच नेतात.

"पाप ते पाप, सगळी सारखीच" असं म्हणणं

हे वाक्य ऐकायला नम्र वाटतं पण बऱ्याचदा लपायला वापरलं जातं. जुन्या करारातलं गणना १५ उघडून बघा. चुकून पाप घडलं तर एक वर्षाची बकरी अर्पण करायची, प्रायश्चित्त होतं, विषय संपला. पण जो उद्दामपणे, हात वर करून करतो त्याच्यासाठी तिथे अर्पणच दिलेलं नाही, त्याला लोकांतून काढून टाकायचं. दावीद राजालाही हा फरक माहीत होता, स्तोत्र १९ च्या शेवटी तो न कळलेल्या दोषांची क्षमा मागतो आणि मुद्दाम केलेल्या पापांपासून मला आवर, ती माझ्यावर सत्ता गाजवू नयेत असं वेगळं मागतो.

स्वारगेटच्या ट्रॅफिकमधे कोणी कट मारला आणि तोंडातून शिवी गेली, ते पाप आहेच, माफी मागा. पण गावच्या जमिनीवरून सख्ख्या भावाशी बोलायचं नाही हे ठरवून वर्षानुवर्षं त्याच चर्चमधे दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसणं, आणि तोंडाने प्रभूची प्रार्थना म्हणणं, हे वेगळ्या जातीचं आहे. आपलं कुठलं ते कळत नसेल तर स्वतःला विचारा: आधी तयारी केली होती का, लपवायची सोय केली का, कोणी विचारलं तर काय सांगायचं ते ठरलंय का, आणि पुढची वेळ ठरलीये का. कॅथलिक शिकवणीत गंभीर पापासाठी तीन गोष्टी लागतात, गोष्ट गंभीर असणं, ती तशी आहे हे पूर्ण माहीत असणं आणि तरी स्वतःच्या मर्जीने होकार देणं. आपण कुठल्याही मंडळीचे असलो तरी स्वतःला तपासायला ही कसोटी चांगली आहे.

"आधी करू, मग माफी मागू"

सगळ्यात घातक चूक हीच, त्यामुळे यावर जरा जास्त लिहितोय. १ योहान १:९ आपल्याला पाठ असतं, पाप कबूल केलं तर तो क्षमा करतो, आणि काही जण शुक्रवारी रात्रीचा प्लॅन करतानाच रविवारची प्रार्थना पण मनात तयार ठेवतात. रोम ६ च्या सुरुवातीलाच पौल हा प्रश्न घेतो की कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं का, आणि सरळ सांगतो, मुळीच नाही. आधीच ठरवलेला पश्चात्ताप हा पश्चात्ताप कसा होईल, तो पापाच्याच प्लॅनचा एक भाग झाला ना.

२ शमुवेल ११ मधला दावीद हळूहळू वाचा. त्याने गच्चीवरून बघितलं, ही कोण म्हणून चौकशी केली, त्याच्याच सैन्यातल्या उरीयाची बायको आहे हे उत्तर मिळालं, तरी माणसं पाठवून तिला आणलं. मग ती गरोदर आहे कळल्यावर उरीयाला लढाईवरून घरी बोलावलं, तो घरी जाऊन झोपत नाही म्हणून त्याला दारू पाजली, तेही जमलं नाही तेव्हा त्याच्याच मरणाचं पत्र त्याच्याच हातात देऊन सेनापती यवाबाकडे पाठवलं. प्रत्येक टप्प्यावर थांबता येत होतं. आणि नाथान संदेष्टा आला तोपर्यंत मूल जन्मलं होतं, म्हणजे कितीतरी महिने हा माणूस राजासनावर बसून लोकांचे न्यायनिवाडे करत होता. नाथानाने गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली तर दावीद दुसऱ्यावर भडकला. स्वतःचं पाप पोटात ठेवून दुसऱ्याच्या पापावर संतापता येतं, हे मला त्या अध्यायात सगळ्यात भीतीदायक वाटतं. हाताला घट्टा पडला की टोचलेलं कळत नाही तसं मनाचं होतं, आणि इब्री ३:१३ नेमकं हेच म्हणतं, पापाच्या फसवणुकीने माणूस कठीण होतो, म्हणून रोजच्या रोज एकमेकांना सांगत राहा.

दावीदाला क्षमा मिळाली. पण बघा, व्यभिचार आणि खून यासाठी नियमशास्त्रात त्याला वाहता येईल असं अर्पणच नव्हतं, म्हणून स्तोत्र ५१ मधे तो म्हणतो की यज्ञ तुला नको आहेत, नाहीतर दिले असते, आणि भंगलेलं मन घेऊन येतो. त्या क्षमेनंतरही तलवार त्याच्या घरातून गेली नाही. अम्नोन, तामार, अबशालोम या त्याच्याच मुलांचे पुढचे अध्याय वाचवत नाहीत. क्षमा मिळाली म्हणजे परिणाम पुसले गेले असं समजू नका.

काही झालं नाही म्हणजे देवाला चालतंय असं समजणं

प्रमोशन झालं, फ्लॅटचं पझेशन मिळालं, मंडळीत गाणं म्हटलं की लोक अजूनही रडतात, म्हणजे सगळं ठीक असेल. उपदेशक ८:११ म्हणतं की शिक्षा लगेच होत नाही म्हणून माणसाचं मन वाईट करायला धजावतं. रोम २:४ म्हणतं की देवाची सहनशीलता पश्चात्तापाकडे न्यायला आहे. देवाने अफाट ताकद दिलेला शमशोन झोपेतून उठला आणि नेहमीसारखा अंग झटकून सुटेन असं म्हणाला, परमेश्वर आपल्याला सोडून गेलाय हे त्याला कळलंच नाही (शास्ते १६:२०). वर्शिप लीड करणाऱ्यांनी, संडे स्कूल घेणाऱ्यांनी, पाळकांनी हे वचन जास्त वाचावं. मत्तय ७ मधे ज्यांना प्रभू "तुमची माझी ओळख नाही" म्हणतो त्यांनी त्याच्या नावाने भुतं काढली होती.

इब्री १० अर्धवट वाचणं

हे पत्र छळ सोसलेल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेलं आहे. पुढच्याच वचनांत येतं की त्यांची मालमत्ता लुटली गेली तरी त्यांनी ती आनंदाने सोसली होती. आता थकून काही जण एकत्र जमणं सोडत होते (वचन २५), ख्रिस्ताला सोडून मागे जायचा मोह होता. त्यामुळे २६ व्या वचनाचा रोख, देवाच्या पुत्राला पायाखाली तुडवून त्याच्याकडे पाठ फिरवून राहणाऱ्या माणसाकडे आहे. ख्रिस्ताचा यज्ञच नको म्हटलं तर दुसरा कुठून आणणार?

खरा विश्वासणारा असा गळून पडू शकतो का यावर मंडळ्यांचं एकमत नाही. कॅल्विनच्या परंपरेतले म्हणतात की जो शेवटपर्यंत टिकला नाही तो मुळात प्रभूचा नव्हताच, मेथडिस्ट आणि बरेच पेंटेकॉस्टल म्हणतात की तारण झालेला माणूसही दूर जाऊ शकतो. गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयापासून पिंपरी-चिंचवडमधे हॉल भाड्याने घेऊन भरणाऱ्या मंडळ्यांपर्यंत पुण्यात तुम्हाला सगळी मतं मिळतील. वाद घालायला माझी हरकत नाही, पण पाप चालू ठेवून "एकदा तारण ते कायमचं तारण" यावर तासभर बोलणारा माणूस त्या शिकवणीचा गैरवापर करतोय, कारण दोन्ही बाजूंचे लोक या इशाऱ्याला इशाराच मानतात.

उलटी चूक: "माझं आता काही होऊ शकत नाही"

काही हळव्या मनाची माणसं हे वचन वाचून रात्र रात्र झोपत नाहीत, खासकरून जी एकाच सवयीत पुन्हा पुन्हा पडतात आणि प्रत्येक वेळी रडतात. तुम्हाला परत यायचंय ना? मग प्रभूकडे या, दार बंद नाही. येशूचा शिष्य पेत्र याने त्याला तीनदा नाकारलं, शपथा वाहून नाकारलं, तरी योहान २१ मधे त्याला मेंढरं चारायला सांगितली. मनश्शे राजाने स्वतःची मुलं अग्नीत होमली होती, तोही २ इतिहास ३३ मधे नम्र झाला आणि त्याचं ऐकलं गेलं. आणि भीती, घालमेल, सतत तेच विचार, नको असतानाही येणारे वाईट शब्द असा त्रास असेल तर पाळकांसोबत मानसोपचारतज्ज्ञालाही भेटा, त्याने विश्वास कमी होत नाही.

ढोबळ कबुली

"प्रभू, माझ्या सर्व चुकांची क्षमा कर." एवढ्यावर जाणूनबुजून केलेलं पाप सुटत नाही. नीतिसूत्रे २८:१३ मधे कबूल करणं आणि सोडून देणं दोन्ही आहे. पापाला त्याच्या नावाने हाक मारा: मी खोटी पावती लिहिली, मी अमक्याचे पैसे बुडवले, मी ऑफिसमधल्या त्या व्यक्तीशी संबंध चालू ठेवलेत. मग जे परत देता येतं ते परत द्या. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाने चौपट दिलं, लेवीय ६ मधे मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा असा नियम होता. टॅक्सचंच घ्या, अपडेटेड रिटर्न भरायची सोय आहे, पहिल्या वर्षात भरलं तर टॅक्स आणि व्याजावर २५ टक्के जास्त भरावे लागतात, नंतर ते वाढत जातं. सीएकडे जा आणि खरं सांगा. पैसे गेल्यावर जेवढं दुखतं तेवढं कुठल्याच प्रवचनाने दुखत नाही.

आपल्याजवळच, केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधे १९०५ च्या जूनमधे जे संजीवन (विश्वासाची नवी जागृती) आलं त्यातही मुली ढसाढसा रडून पापं कबूल करत होत्या. आपण संजीवनासाठी उपास ठेवतो आणि कबुलीचं नाव काढलं की गप्प बसतो.

सोय तशीच ठेवून शपथ घेणं

नंबर ब्लॉक नाही, ॲप डिलीट नाही, रात्री फोन उशाखाली, आणि "यापुढे नाही प्रभू". रोम १३:१४ म्हणतं देहवासनांसाठी तजवीज करू नका. फोन रात्री हॉलमधे चार्जिंगला लावा, टीम बदलून मागा, ज्या ग्रुपमधे तसले व्हिडिओ येतात तो सोडा. योसेफ पोटीफरच्या बायकोशी चर्चा करत बसला नाही, झगा तिच्या हातात टाकून पळाला.

मंडळीची चूक

मोठी देणगी देणारा असला की झाकायचं, आणि गरीब पोरगं असलं की प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली त्याचं सगळं व्हॉट्सॲपवर टाकायचं, दोन्ही बघून जीव जळतो. मत्तय १८ मधे आधी एकट्याने जाऊन सांगायचंय, मग एकदोन साक्षीदार, मग मंडळी. गलती ६:१ म्हणतं सौम्यतेने. पण मारहाण, लैंगिक अत्याचार असं काही असेल तर ते मत्तय १८ मधे बसवून मिटवायचं नसतं. मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर पण फोन करता येतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला आधी क्षमा कर म्हणून दाबायचं नाही.

प्रभुभोजनाचं काय करायचं

येशूच्या आठवणीने चर्चमधे भाकर आणि द्राक्षरस घेतात ते प्रभुभोजन. त्या वेळी काही जण बाकावरच बसून राहतात आणि मग हळूहळू यायचंच बंद करतात, काही जण लाजेस्तव सवयीने घेतात. १ करिंथ ११:२८ म्हणतं आधी स्वतःची परीक्षा करा आणि मग खा. म्हणजे आदल्या दिवशीच विषय काढा, पाळकांना फोन करा, भावाकडे जायचं असेल तर जाऊन या. उपासना सोडू नका, एकटं पडलं की पापाचं सगळं खरं वाटायला लागतं.

परत पडलात तर

पडाल कदाचित. आधीच एक माणूस ठरवून ठेवा, पुरुषाने पुरुष, बाईने बाई, घरातला नको, तोंडाने घट्ट हवा आणि तुम्हाला गोड बोलणारा नको. शनिवारी सकाळी सारसबागेत फेरी मारता मारता अर्धा तास बोललात तरी चालतं. पाळक विश्वासाचे वाटत नसतील तर दुसऱ्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांशी बोला. आणि पडलात की त्याच दिवशी फोन करा, रविवारची वाट बघू नका, तोपर्यंत परत सगळं नीट आहे असं वाटायला लागतं.