डिप्रेशनची गोळी सुरू केल्यावरचे पहिले सहा आठवडे

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन ही एसएसआरआय या डिप्रेशनवरच्या गटातली औषधं. मेंदूतल्या दोन पेशींमधल्या बारीक फटीत एक पेशी सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन सोडते आणि निरोप पोचला की तेच पुन्हा आत ओढून घेते. हे ओढून घेणारं प्रथिन गोळी अडवते, म्हणून सेरोटोनिन फटीत जास्त वेळ टिकतं. हे सगळं पहिल्या गोळीनंतर काही तासांतच होतं.

मग गुण यायला २ ते ४ आठवडे का? सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींवर ५-एचटी-१ए नावाचे ग्राही (सेरोटोनिन ओळखणारी प्रथिनं) असतात. सेरोटोनिन वाढलं की ते त्याच पेशीला लगाम घालतात, आणि सुरुवातीला गोळीचा जोर तिथेच अडतो. काही आठवड्यांत ग्राही बोथट होतात, मग पेशी मोकळी होते. हे आजचं प्रमुख स्पष्टीकरण. 'सेरोटोनिन कमी, म्हणून डिप्रेशन' हे समीकरण मात्र भाबडं आहे.

शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, त्यामुळे मळमळ आणि जुलाब आधी येतात. ते बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतात. गोळी जेवणानंतर घ्या. झोप उडत असेल तर सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री. एस्सिटालोप्राम बहुतेकदा ५ किंवा १० मि.ग्रॅ.ने सुरू होतं, कमाल २०.

दुसऱ्या आठवड्यात त्रास आहे आणि गुण नाही, म्हणून अनेक जण गोळी सोडतात. सोडण्याआधी डॉक्टरांशी बोला. बेचैनी वाढली किंवा आत्महत्येचे विचार आले (पंचविशीच्या आत जास्त जपावं), तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

स्ट्रिपवर क्लोनाझेपाम (घबराट कमी करणारं, गुंगी आणणारं औषध) हेही लिहिलंय का पाहा. त्याने त्याच दिवशी बरं वाटतं, पण त्याची सवय लागते; किती दिवस घ्यायचं ते विचारून ठेवा.

ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक या गोळीसोबत घेतलं तर सेरोटोनिन बेसुमार वाढून थरथर, घाम, ताप येऊ शकतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, कारण रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्सही त्याच ओढून घेणाऱ्या प्रथिनाने सेरोटोनिन आत घेतात आणि गोळी तेही अडवते. डोकेदुखीला पॅरासिटामॉल बरं.

गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. पूर्ण बरं वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवतात, मग डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. एकदम थांबवलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात: याच गटातल्या पॅरॉक्सेटीनने जास्त, कारण ते शरीरातून लवकर निघून जातं, फ्लुओक्सेटीन आठवडे रेंगाळतं, म्हणून कमी.