लिनक्स टॅब्लेटची स्क्रीन भलतीकडेच फिरते?
डेस्कटॉपच्या सेटिंग्जशी झटापट करण्याआधी टर्मिनलमध्ये ‘मॉनिटर-सेन्सर’ (टॅब्लेट कसा धरलाय हे ओळखणारा सेन्सर काय सांगतोय ते दाखवणारी कमांड) चालवा आणि टॅब्लेट हातात फिरवून बघा. कमांडच सापडत नसेल तर बहुधा ‘आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी’ (सेन्सरची माहिती डेस्कटॉपला पोचवणारा प्रोग्राम) बसवलेलं नाही; कमांड चालूनही काहीच उमटत नसेल तर बहुधा कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, त्या सेन्सरचा ड्रायव्हर नाही. दिशा बदलते पण चुकीची येते? मग सेन्सर ठणठणीत आहे, फक्त बोर्डवर वेगळ्या कोनात बसवलाय. यूडेव्हच्या (लिनक्समध्ये हार्डवेअर सांभाळणाऱ्या भागाच्या) ‘एचडब्ल्यूडीबी’ फोल्डरमध्ये आपली फाइल करा: वर सेन्सरची ओळख, खाली ‘अ‍ॅक्सेल माउंट मॅट्रिक्स’, म्हणजे सेन्सर कोणत्या कोनात बसवलाय ते सांगणारे नऊ आकडे. चित्र पार उलटं असेल तर -१, ०, ०; ०, -१, ०; ०, ०, १ (आकडे अर्थात इंग्रजीत). मॅट्रिक्सची ओळ एका स्पेसनेच सुरू करा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. शेवटी ‘सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’ करून रीस्टार्ट.