जुनी डिस्क, एसएसडी, फोन मोडीत काढताय? या चुका टाळा

सोसायटीच्या ऑफिसातला जुना पीसी बदलायचा ठरला की चर्चा होते ती नव्याच्या किमतीची. जुन्यात काय आहे, हा विषय सभेत निघत नाही. त्यात असतात सभासदांचे फोन नंबर, भाडेकरूंच्या आधार-पॅनची स्कॅन, भाडेकरार, नॉमिनेशन फॉर्म, थकबाकीदारांच्या याद्या. सीएच्या ऑफिसात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात तर याहून नाजूक माल असतो. हा डेटा आपला नव्हेच, लोकांनी विश्वासाने दिलेला. म्हणून मशीन एक्स्चेंजमध्ये देण्याआधी किंवा भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर ठेवण्याआधी तो नीट संपवणं ही आपली जबाबदारी आहे, असं मी मानतो.

लोक प्रयत्न करत नाहीत असं नाही. चुकीच्या पद्धतीने करतात. एमआयटीतले सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलाट यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यांचा लेख २००३ मध्ये आला. वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. एक डिस्क तर एटीएममधली होती आणि तिच्यात व्यवहारांच्या नोंदी जशाच्या तशा होत्या. त्यानंतर तंत्र बदललं, माध्यमं बदलली. चुका बऱ्याचशा त्याच राहिल्या, आणि एसएसडीमुळे, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हमुळे, त्यांत नव्या चुकांची भर पडली.

फॉरमॅट मारला म्हणजे झालं, असं धरून चालणं

फाइल डिलीट केली की डिस्कवरचा मजकूर जागेवरच राहतो. ‘ही जागा आता वापरायला मोकळी’ एवढीच नोंद बदलते. क्विक फॉरमॅटमध्ये ही नोंदवहीच नवी कोरी होते, आतला माल तसाच. फोटोरेकसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ही नोंदवही बघतच नाही. सरळ मजकूर चाळत जातं आणि फोटो, पीडीएफ, एक्सेल बाहेर काढतं.

फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कसाठी उपाय साधा आहे: संपूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहायची. विंडोजमध्ये डिस्कपार्ट (टाइप करून आदेश द्यायचं, विंडोजमधलंच साधन) उघडून ‘क्लीन ऑल’ हा आदेश दिला की ते होतं. नुसतं ‘क्लीन’ दिलंत तर फक्त पार्टिशनची माहिती जाते, तेव्हा ‘ऑल’ विसरू नका. विंडोज व्हिस्टापासून पुढे ‘क्विक’ची टिक काढून केलेला पूर्ण फॉरमॅटही शून्यं लिहितो. एक्सपीमधला लिहीत नव्हता, तो फक्त खराब सेक्टर शोधायचा. त्यामुळे ‘तेव्हा फुल फॉरमॅट मारलाय’ असं कोणी एक्सपीच्या मशीनबद्दल सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

इथे दोन गोष्टी सांभाळा. डिस्कपार्ट एकदा चालू झाला की ‘नक्की का?’ असं विचारत नाही. चुकीच्या डिस्कचा नंबर टाकला तर चालू कामाची डिस्क साफ होते. बाकीच्या डिस्कच्या केबल आधी काढून ठेवा, मग पुसायला बसा. दुसरं, यूएसबी केसमध्ये डिस्क घालून पुसत असाल आणि काम संपतच नसेल, तर बहुधा यूएसबी २ च्या पोर्टला जोडली आहे. तिथे १ टीबीला सात-आठ तास सहज लागतात. यूएसबी ३ च्या पोर्टला, जो बऱ्याच मशीनवर निळा असतो, तेच काम दोन-तीन तासांत उरकतं.

३५ वेळा पुसायलाच हवं, हा समज अजून टिकून आहे. तो आला पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातून. ती पद्धत त्या काळच्या निरनिराळ्या जुन्या डिस्कसाठी मिळून होती, आणि आधुनिक डिस्कला तिचा उपयोग नाही हे खुद्द गुटमन यांनीच नंतर लिहून ठेवलं आहे. एकदा नीट पुसा आणि वाचलेला वेळ तपासणीत घाला: पुसून झाल्यावर फोटोरेक चालवून बघा, काहीही हाती लागता कामा नये.

एसएसडीला हार्ड डिस्कचंच औषध देणं

सध्या सगळ्यात जास्त होणारी चूक ही आहे, आणि ती मन लावून काम करणाऱ्यांकडूनच होते. एसएसडीतली फ्लॅश मेमरी ठरावीक वेळा लिहिल्यावर झिजते. ही झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून आतला कंट्रोलर (कुठे लिहायचं ते ठरवणारी चिप) प्रत्येक वेळी नव्या जागी लिहितो. विंडोजला वाटतं आपण त्याच फाइलवर लिहिलं, प्रत्यक्षात ते भलत्याच ठिकाणी गेलेलं असतं आणि जुना मजकूर मागे राहतो. शिवाय काही जागा कंट्रोलरने स्वतःसाठी राखलेली असते. तिथपर्यंत बाहेरचं कुठलंच सॉफ्टवेअर पोहोचत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे चिप उघड्या करून तपासलं. एकेक फाइल ‘श्रेड’ करण्याच्या, म्हणजे तिच्यावर दुसरं काही लिहून ती पुसण्याच्या, ज्या पद्धती हार्ड डिस्कवर चालतात, त्या एसएसडीवर भरवशाच्या ठरल्या नाहीत.

डीबॅन या डिस्क पुसणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव अनेकांच्या तोंडी आहे, पण ते हार्ड डिस्कसाठी आहे. एसएसडीला सांगावं लागतं की तू स्वतःच स्वतःला पूस. एसएसडी मशीनला जोडण्याचे साटा आणि एनव्हीएमई हे दोन प्रकार आहेत. साटा एसएसडीत त्यासाठी सिक्युअर एरेज आणि एनव्हीएमईत फॉरमॅट किंवा सॅनिटाइज हे आदेश असतात. ते कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून, लिनक्समधून आणि बऱ्याच मशीनच्या बायोसमधूनही (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी चालणारं सॉफ्टवेअर) देता येतात.

हे करताना माणसं अडतात ती ठरलेल्या ठिकाणी. ड्राइव्ह ‘फ्रोझन’ आहे असा संदेश येतो. घाबरू नका, ती खराब झालेली नाही. मशीन चालू होताना बायोसनेच तिला कुलूप घातलेलं असतं. लॅपटॉप स्लीपमध्ये टाकून परत जागा केला की ते बहुतेक वेळा सुटतं. ड्राइव्ह यूएसबी केसमध्ये असेल तर हा आदेश पुष्कळदा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. तिला थेट मदरबोर्डवर लावा. साटा सिक्युअर एरेजच्या आधी ड्राइव्हला तात्पुरता पासवर्ड द्यावा लागतो. तो सोपा ठेवा आणि कागदावर लिहा, कारण मध्येच वीज गेली तर ड्राइव्ह तो पासवर्ड मागत अडून बसते. लाइटचा भरवसा नसेल तिथे हे काम यूपीएसवरच करा.

या सगळ्यापेक्षा मला मनापासून पटणारा मार्ग पहिल्या दिवसाचा आहे. नवं मशीन आलं की लगेच एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय डेटा वाचता येणार नाही अशी सोय, चालू करा: विंडोजचं बिटलॉकर, मॅकचं फाइलव्हॉल्ट किंवा लिनक्सचं लक्स. डिस्कवर जे पडेल ते एन्क्रिप्ट होऊनच पडतं, मग शेवटी किल्ली नष्ट केली की पुरतं. जुन्या, वापरलेल्या डिस्कवर बिटलॉकर चालू करताना मात्र तो विचारतो: फक्त वापरातली जागा की पूर्ण ड्राइव्ह? इथे पूर्णच निवडा. नाहीतर पूर्वी डिलीट केलेल्या फाइली उघड्याच राहतात.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डातही फ्लॅशच असतं, पण सिक्युअर एरेजची सोय सहसा नसते. पूर्ण भरून पुसल्यावरही आत काही राहू शकतं. गंभीर डेटा असेल तर त्या विकू किंवा देऊ नका, फोडा.

बंद पडली म्हणजे रिकामी झाली, असं समजणं

हार्ड डिस्क चालत नाही याचा अर्थ अनेकदा तिचं सर्किट किंवा मोटर गेली. तबकड्यांवरचा डेटा तेव्हा बहुधा शाबूत असतो. कोलंबिया अंतराळयान २००३ मध्ये कोसळलं, त्याच्या अवशेषांत सापडलेल्या जळक्या डिस्कमधून प्रयोगाचा सुमारे ९९ टक्के डेटा परत मिळवला गेला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ मध्ये चिपळूणला पुराचं पाणी दुकानांत, ऑफिसांत शिरलं, आणि अशा वेळी भिजलेले सीपीयू चिखलासकट बाहेर टाकले जातात. पाण्याने डेटा पुसला जात नाही. अशी डिस्क काढून घ्या आणि फोडा.

वॉरंटीत बंद डिस्क देतानाही हाच विचार करा. बदली नवी मिळते, जुनी परत येत नाही. आत पेशंटचे रिपोर्ट असतील तर वॉरंटीवर पाणी सोडणं स्वस्त पडेल.

चुकीच्या जागी हातोडा मारणं

अडीच इंची एसएसडीचा डबा उघडून बघा. आतली पट्टी अनेकदा डब्याच्या निम्मीही नसते, बाकी पोकळी. डब्यातून ड्रिल आरपार केलं तरी एकाही चिपला धक्का लागलेला नसतो. झाकण काढा आणि पट्टीवरची प्रत्येक काळी चौकोनी चिप वेगवेगळी फोडा. पेन ड्राइव्हचंही तसंच: कनेक्टर वाकवून काही होत नाही, चिपचा चुरा झाला पाहिजे.

हार्ड डिस्कच्या झाकणाला ताऱ्याच्या आकाराचे टॉर्क्स स्क्रू असतात आणि एखादा हमखास स्टिकरखाली लपलेला असतो. झाकण हलत नसेल तर स्टिकरवर बोट फिरवा, खड्डा लागेल. लॅपटॉपच्या डिस्कच्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात. घाव बसला की ठिकऱ्या उडतात, म्हणून जाड कापडात गुंडाळून आणि गॉगल लावूनच मारा. पीसीच्या डिस्कमध्ये बहुतेक ॲल्युमिनियम असतं. ते फुटत नाही, वाकवून आणि खरवडून टाकावं लागतं.

स्पीकरच्या चुंबकाने यातलं काही पुसलं जात नाही. त्याला डिगॉसर नावाचं ताकदीचं यंत्र लागतं आणि एसएसडीवर त्याचाही परिणाम शून्य, कारण तिथे काही चुंबकीय नसतंच. जाळू तर अजिबात नका. धूर विषारी असतो आणि लॅपटॉप-फोनची बॅटरी फुटते.

लग्नाच्या, एक्स-रेच्या सीडी घरोघरी पडून आहेत. सीडीचा डेटा लेबलाच्या बाजूला, पातळ थराखाली असतो. चकचकीत बाजूवर ओरखडे काढले तर ते पॉलिश करून घालवता येतात, लेबलाची बाजू खरवडली तर थरच निघून येतो. डीव्हीडीत डेटा दोन थरांच्या मध्ये असतो, ती कात्रीने तुकडे करूनच संपवावी.

फोन घाईत रिसेट करणं

अँड्रॉइड फोन थेट फॅक्टरी रिसेट केला की पुढचा माणूस अडू शकतो, कारण फोन जुनं गुगल खातं मागू शकतो. आधी सेटिंगमधून खातं काढा, मग रिसेट करा. आयफोनमध्ये ‘फाइंड माय’ (हरवलेला फोन शोधायची सोय) आधी बंद करा. आताचे फोन एन्क्रिप्टेड असल्याने रिसेट पुरेसा आहे. अँड्रॉइड ५ किंवा त्याआधीचा फोन असेल तर सिक्युरिटीत जाऊन आधी फोन एन्क्रिप्ट करा आणि मगच रिसेट करा. मेमरी कार्ड आणि सिम काढायला मात्र लोक हमखास विसरतात. रिसेटने सहसा कार्डाला हात लागत नाही. स्क्रीन फुटलेली असेल तर ओटीजीने (फोनला यूएसबी वस्तू जोडणारी छोटी केबल) माउस लावून बघा, फोन ऑनलाइन असेल तर खात्यातून दुरूनही पुसता येतो.

आत डिस्क आहे हेच ध्यानात नसणं

ऑफिसातल्या मोठ्या झेरॉक्स मशीनमध्ये अनेकदा हार्ड डिस्क असते आणि कॉपी केलेल्या कागदांच्या प्रतिमा तिच्यावर राहू शकतात. अमेरिकेतल्या अफिनिटी हेल्थ प्लॅन या संस्थेने भाड्याची मशीन न पुसता परत केली. त्या प्रकरणात २०१३ मध्ये तिला १२ लाख डॉलरहून जास्त भरावे लागले. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचंही तेच, त्यातली डिस्क काढून पीसीला लावून पुसा.

कोणाच्याही हाती सोपवणं

मॉर्गन स्टॅनलीने हजारो ड्राइव्ह मोडीत काढायचं काम डेटा नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं. काही ड्राइव्ह डेटासकट ऑनलाइन लिलावात विकल्या गेल्या आणि २०२२ मध्ये ३.५ कोटी डॉलरचा दंड बसला. आपल्याकडेही डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आहे आणि त्यात पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पुसण्याआधी एक बघा: कंपनी कायद्याने हिशेबाच्या वह्या ८ आर्थिक वर्षं ठेवाव्या लागतात, त्यांची प्रत दुसरीकडे आहे ना? मग प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर वहीत लिहा, फोटो काढा आणि नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्या. नोंदणीची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर बघायला मिळते. नष्ट केल्याच्या प्रमाणपत्रावर नुसतं ‘१२ नग’ असं लिहिलेलं असेल तर ते परत करा आणि तुमच्या वहीतले सिरियल नंबर त्यावर घालून मागा.