पातळ लॅपटॉप की दणकट? मराठवाड्याच्या उन्हात या चुका टाळा

लॅपटॉप दुकानात बघितला जातो तेव्हा तिथं एसी चालू असतो. मे महिन्यात तोच लॅपटॉप परभणीत किंवा माजलगावात पत्र्याच्या खोलीत चालवायचा असतो, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, पंख्याच्या गरम वाऱ्यात. पातळ घ्यावा की दणकट, म्हणजे जाड बॉडीचा आणि जास्त ताकदीचा, हा प्रश्न आपल्याकडं या दोन खोल्यांमधल्या फरकाचा आहे. बहुतेक कंपन्या वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत धरतात. म्हणजे एप्रिल लागला की दुपारचं काम कंपनीने आखलेल्या रेषेबाहेरच चालतं. खरेदी मात्र होते 'आय७ आहे, घ्या' या एका वाक्यावर.

'आय७' ऐकून खूश होणं

इंटेल प्रोसेसरच्या नावातला मोठा आकडा सोडा, शेवटचं अक्षर वाचा. यू असेल तर प्रोसेसरची मूळ वीज साधारण १५ वॉट, एच असेल तर बहुतेक ४५, एचएक्स असेल तर ५५. हीच वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणून पातळ बॉडीत यू आणि जाड बॉडीत एच बसवतात.

कोअर म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, मोठे जड कामाला आणि छोटे हलक्या कामाला. आय७-१३५५यू मध्ये मोठे कोअर फक्त दोन आणि छोटे आठ. आय५-१२४५०एच मध्ये मोठे चार, छोटे चार. फाइल उघडणं, एक्सेलची शीट हलवणं अशा क्षणभराच्या कामात तो आय७ पुढं असतो. अर्धा तास रेंडर (तयार व्हिडिओ किंवा चित्र बाहेर काढायचं जड काम) लावलं की आय५ त्याला मागं टाकतो. कोअर अल्ट्रा ७ च्या १५५यू आणि १५५एच मध्ये तर आकडाही तोच, फरक एका अक्षराचा. पहिल्यात मोठे कोअर दोन, दुसऱ्यात सहा. बॉक्सवर दोन्हीकडं 'अल्ट्रा ७' ठळक छापलेलं असतं, अक्षर बारीक. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. 'आय७, १६ जीबी, ५१२' एवढंच लिहिलेलं बिल नंतर भांडायला कामाला येत नाही.

यू वाईट नसतो, हेही सांगायला हवं. टॅली, जीएसटी रिटर्न, कोडिंग, ऑनलाइन क्लास, प्रेझेंटेशन ही सगळी थांबून थांबून चालणारी कामं. त्यांना एच घेणं म्हणजे शेळी न्यायला ट्रक लावणं. लातूरला नीटच्या व्हिडिओ लेक्चरसाठी ग्राफिक्स कार्ड लागतं असं कुणी सांगितलं, तर तो माणूस स्टॉक खपवतोय.

थंड दुकानात दोन मिनिटं चालवून पाहणं

प्रोसेसर ९५ ते १०० अंशांला पोचला की स्वतःहून वेग कमी करतो. पातळ लॅपटॉपमध्ये बहुधा एक पंखा आणि एक-दोन तांब्याच्या नळ्या असतात. पहिलं मिनिटभर धातू उष्णता पिऊन घेतो, मग भरतो, आणि वेग घसरतो.

आता आपल्या उन्हाचा हिशोब. चिप १०० वर आणि खोली २४ वर असेल तर उष्णता बाहेर ढकलायला ७६ अंशांचं अंतर मिळतं. खोली ४२ वर गेली की ते अंतर ५८ उरतं. पंखा तोच, उष्णता बाहेर सोडणारी जाळी तीच, पण उष्णता नेण्याची ताकद जवळजवळ पाव हिश्श्याने कमी. जाड लॅपटॉपलाही हाच फटका बसतो, पण त्याच्याकडं दोन पंखे आणि मोठी जाळी अशी शिल्लक असते. पातळ लॅपटॉप आधीच काठावर चालत असतो. त्यात पंखाच नसलेली मॉडेलं, उदाहरणार्थ मॅकबुक एअर, हलक्या कामाला झकास आणि आवाज शून्य. दुपारी दोनला पत्र्याखाली तासाभराचा व्हिडिओ एक्स्पोर्ट लावाल, तर मात्र त्यांचा वेग उतरलेला दिसेल.

म्हणून दुकानात चार्जर लावून सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी टेस्ट, दहा मिनिटं सलग चालवायला सांगा. शेजारी एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वीज दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून 'सीपीयू पॅकेज पॉवर'ची ओळ बघा. सुरुवातीला ४५ वॉट आणि पाचव्या मिनिटाला २०, तर तो लॅपटॉप २० वॉटचा आहे, जाहिरात काहीही म्हणो. एसीत २० तर घरी त्याहून खाली. दुकानदार नाही म्हणाला तर त्याच मॉडेलची सलग लोडवरची टेस्ट यूट्यूबवर शोधा, आणि ती करताना खोलीचं तापमान किती होतं ते आधी बघा. युरोपातल्या २१ अंशांच्या खोलीतला निकाल हिंगोलीला लागू पडत नाही.

ग्राफिक्स कार्डाचं नाव वाचणं, वॉट न वाचणं

आरटीएक्स ४०५० हे एकच कार्ड कंपन्या ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठंही बांधतात. पातळ 'क्रिएटर' लॅपटॉपमधलं ५० वॉटचं कार्ड आणि अडीच किलोच्या मशीनमधलं १०० वॉटचं कार्ड यांचं स्टिकर तेच. तपासायला एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा, हेल्पमध्ये सिस्टम इन्फर्मेशन, तिथं 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर'. आमच्या मते ६० वॉटच्या खालच्या कार्डासाठी जास्तीचे वीस-पंचवीस हजार मोजण्यात अर्थ नाही. तेवढ्यात बिनकार्डाचा हलका लॅपटॉप आणि मोठा मॉनिटर येतो.

लग्नाचं शूटिंग-एडिटिंग करणाऱ्यांसाठी एक खास अडचण. कॅमेरा १०-बिट ४:२:२ एच.२६५ (रंगांची जास्त माहिती ठेवणारा व्हिडिओचा प्रकार) मध्ये रेकॉर्ड करत असेल तर आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेची कार्डं ते फुटेज हार्डवेअरवर उलगडत नाहीत. इंटेलची अंगभूत, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेली ग्राफिक्स अकराव्या पिढीपासून ते करते, आणि आरटीएक्स ५० मालिकाही करते. म्हणून मोठं कार्ड असूनही टाइमलाइन अडखळते तेव्हा दोष रॅमचा नसतो. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेस, मीडियामध्ये इंटेलचं हार्डवेअर डिकोडिंग चालू आहे का बघा, नाहीतर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजची हलकी प्रत बनवा.

लाईट आणि अर्थिंग हिशोबात न धरणं

दणकट लॅपटॉप दणकट असतो तो प्लगला असेपर्यंत. चार्जर काढला की बॅटरी तेवढी वीज देऊच शकत नाही, वेग निम्म्यावर किंवा त्याखाली येतो, आणि जड काम तासाभरात बॅटरी रिकामी करतं. नांदेडहून तपोवन एक्स्प्रेसने मुंबईला जाताना डब्यात रेंडर लावायच्या विचाराने कुणी गेमिंग लॅपटॉप घेत असेल तर थांबा. शिवाय वजन. लॅपटॉप सव्वादोन ते अडीच किलो, त्याची वीट, म्हणजे अ‍ॅडॉप्टर, आणखी पाऊण किलो. पातळ लॅपटॉप चार्जरसकट दीड-पावणेदोन किलोत बसतो.

इन्व्हर्टरचं गणित घरीच मांडा. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर, प्रत्यक्षात हाती लागतात साधारण ११००-१२००. दोन पंखे १५० वॉट. त्यात कामावर लागलेला दणकट लॅपटॉप १८० वॉट, एकूण ३३०, म्हणजे साडेतीन तास. तिथंच ३० वॉट खाणारा पातळ लॅपटॉप असेल तर सहा तासांच्या वर. गावात रोज दुपारी लाईट जात असेल तर निवड इथंच होऊन जाते.

स्टॅबिलायझर मात्र घेऊ नका. अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, कमी दाबाने त्याचं काही बिघडत नाही. भीती आहे ती वळवाच्या पावसातल्या विजेची आणि न्यूट्रल तुटण्याची. आभाळ गडगडायला लागलं की प्लग काढून ठेवायचा, स्पाइक गार्ड असला तरी.

धातूच्या बॉडीवर हात फिरवताना झिणझिण्या येतात, ही तक्रार उन्हाळ्यात वाढते आणि लोक लॅपटॉप परत करायला निघतात. चार्जरमधल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो, अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जातो. आपली काळी माती उन्हात भेगाळली की अर्थिंगची सळई कोरडी पडते, आणि त्या करंटला वाट उरत नाही. तीन पिनांची वायर सरळ तीन पिनांच्या बोर्डात लावा, दोन पिनांचा तुकडा मध्ये नको. अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी घाला. तरीही मुंग्या आल्या तर वायरमनकडून मीटर लावून घ्या: फेज ते अर्थिंग आणि फेज ते न्यूट्रल हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत.

रॅम 'नंतर वाढवू' म्हणणं

तपशिलात एलपीडीडीआर लिहिलं असेल तर रॅम बोर्डावरच डकवलेली आहे, नंतर काहीच होणार नाही. पातळ लॅपटॉपमध्ये हेच जास्त. तिथं १६ जीबीच्या खाली उतरू नका. साधी डीडीआर४ किंवा डीडीआर५ असेल तर किती स्लॉट आणि किती रिकामे ते विचारा. एकच पट्टी असलेल्या इंटेल आयरिस एक्सई मशीनवर विंडोज ग्राफिक्सचं नाव 'यूएचडी' दाखवतं. दुकानदाराने फसवलं असं वाटतं, पण तसं नसतं. तेवढ्याच क्षमतेची दुसरी पट्टी बसली की नाव बदलतं आणि ग्राफिक्सचा वेगही वाढतो.

सॉफ्टवेअर शेवटी विचारणं

ऑटोकॅडची दोन मितींची ड्रॉइंग अंगभूत ग्राफिक्सवर चालतात, आणि ऑटोकॅडचं बरंचसं काम एकाच कोअरवर होतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी गेमिंग लॅपटॉप लागतो हे सीनिअरांनी पसरवलेलं खूळ आहे, त्यांना खेळायचं असतं. स्टाड आणि ईटॅब्ज या इमारतीच्या रचनेचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरना प्रोसेसर आणि रॅम लागते, कार्ड नाही. रेव्हिट, सॉलिडवर्क्सची मोठी असेंब्ली, ब्लेंडर, मशीन लर्निंग इथं खरी दणकट मशीन लागते. सॉलिडवर्क्स, रेव्हिट आणि टॅली मॅकवर थेट चालत नाहीत, आणि एम मालिकेच्या मॅकवर बूट कॅम्प, म्हणजे विंडोज टाकून चालवायची सोयही नाही.

स्नॅपड्रॅगनच्या विंडोज लॅपटॉपची बॅटरी बक्कळ चालते, वजनही हलकं. पण त्याचा प्रोसेसर इंटेलपेक्षा वेगळ्या, एआरएम जातीचा. त्यावर ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) एआरएमसाठीच बनवलेला लागतो. डिजिटल सहीचा टोकन, अंगठ्याचं मशीन, जुना प्रिंटर यांचे ड्रायव्हर नसतील तर काम तिथंच अडकतं. सेवा केंद्र, सीए किंवा टेंडरचं काम असणाऱ्यांनी आपली यंत्रं दुकानात नेऊन जोडून बघावीत.

स्क्रीनबद्दल थोडक्यात: '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेल्या, म्हणजे कमी रंग दाखवणाऱ्या पॅनलवर शालूचा लाल रंग विटकरी दिसतो. मग तो वाढवून अल्बम प्रेसला जातो आणि छापून येताना नवरीचा चेहराही लाल होऊन येतो. फोटोकाम असेल तर १०० टक्के एसआरजीबी. आणि शेतातल्या आखाड्यावर किंवा ओसरीत बसून काम करणार असाल तर २५० निट्सचा उजेड पुरत नाही, ४०० बघा.

घेऊन झालाय, आता तापतोय

गादीवर, उशीवर ठेवू नका, हवा खालून आत जाते. मागची बाजू दोन बोटं उचलून धरली तरी फरक पडतो. कुलरच्या थेट झोतात ठेवणं ही आपल्याकडची आवडती चूक आहे. तो वारा ओलसर, त्यात क्षार आणि धूळ, आणि ते सगळं जाळीवर लेपासारखं बसतं. कुलर खोलीला लावा, लॅपटॉप झोताच्या बाजूला ठेवा.

धूळ काढायला पंक्चरवाल्याकडचा हवेचा पाइप मारू नका. दाब जास्त असतो, टाकीतलं पाणी सोबत येतं, आणि पंखा भलत्याच वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. लॅपटॉप बंद करून, पंख्याचं पातं काडीने अडवून, हाताच्या ब्लोअरने हलके झोत द्या. कापसाच्या किंवा हळदीच्या हंगामात जिनिंगजवळ, मोंढ्यात राहणाऱ्यांनी हे दर तीन महिन्यांनी करावं.

दुपारपुरता वेग कमी करून चालणार असेल तर कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, तिथं मॅक्सिमम स्टेट १०० चं ९९ करा. टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो, तापमान उतरतं, टॅली-एक्सेलला फरक कळतही नाही. काही नव्या मॉडेलांत हा पर्याय दिसत नाही. तिथं कंपनीच्या अ‍ॅपमधला 'क्वाएट' मोड तेच काम करतो.

बॅगेतून काढल्यावर लॅपटॉप भट्टीसारखा आणि बॅटरी उतरलेली, असं होत असेल तर तो झाकण लावूनही पूर्ण झोपत नाहीय. झाकण लावल्यावर हायबरनेट ही सेटिंग करा. प्रवासाला निघताना सरळ शटडाउन.

दिवसभर प्लगला असणाऱ्या मशीनवर कंपनीच्या अ‍ॅपमधून चार्जिंग ८० टक्क्यांना थांबवा. उष्णता आणि भरलेली बॅटरी हा जोड लिथियमला सगळ्यात वाईट. टचपॅड दबेनासा झाला, झाकण नीट बसेना किंवा टेबलावर लॅपटॉप डुगडुगायला लागला, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि पिन मारून हवा तर अजिबात काढू नका, पेट घेते. वॉरंटीत असेल तर कंपनीला फोन करताना ऑनसाइट सेवा तुमच्या पिनकोडला आहे का ते विचारा. बऱ्याचदा ती जिल्ह्याच्या ठिकाणापुरतीच असते, आणि मग किनवट किंवा भूमच्या माणसाला लॅपटॉप स्वतः न्यावा लागतो. तशा वेळी फुगलेली बॅटरी तंत्रज्ञाकडून काढवून घेतल्याशिवाय तो उन्हातल्या बसमधून नेऊ नका.