गुडघा दुखतोय? एकदा खुबाही तपासून घ्या

मी नाशिकच्या मखमलाबादचा, आमची द्राक्षाची बाग आहे. वय 62. दोन वर्षं मी उजव्या गुडघ्याला तेल चोळलं, पट्टा बांधला, एक्स-रे काढला. गुडघ्यात काहीच नव्हतं. शेवटी एका डॉक्टरांनी मला उताणं झोपवलं, गुडघा काटकोनात दुमडला आणि पाऊल हळूच बाहेर वळवलं. जांघेत अशी कळ आली की मी टेबलाची कड घट्ट धरली. झिजला होता तो खुब्याचा सांधा. त्याची कळ मांडीतून थेट गुडघ्यापर्यंत उतरते, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून आधी ओळखायचं कसं ते सांगतो. आपण खुबा म्हणून हात लावतो तो कमरेच्या बाजूला, पण या सांध्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत असतं. पायाची नखं कापता येत नाहीत, पंगतीत मांडी घालता येत नाही, सकाळी उठल्यावर पाय आखडतो आणि अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. गुडघ्याखाली मुंग्या येत असतील तर मणकाही तपासून घ्या. तिशी-चाळिशीतल्या माणसाला असं दुखत असेल, त्यातून स्टेरॉइड किंवा दारू पोटात गेली असेल, तर खुब्याच्या सांध्यातल्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. हे सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो.

वर्षानुवर्षं जड उचलणाऱ्या शेतकऱ्यांत ही झीज जास्त आढळते. मी उभ्या आयुष्यात किती कॅरेट उचलले त्याचा हिशेब नाही. आता कॅरेट अर्धाच भरतो.

सगळ्यात जास्त फरक पडला तो काठीनं, आणि तीही मी आधी चुकीच्या हातात धरत होतो. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात घ्या. दुखऱ्या पायावर उभं राहिलं की तोल सावरायला खुब्याबाहेरचे स्नायू जोरात ओढतात आणि तो सगळा दाब सांध्यावर पडतो. पलीकडच्या हातातली काठी त्यातला बराच भार घेते. रोजची चप्पल घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या सुरकुतीपाशी आली पाहिजे. खालचं रबरी बूच झिजलं की लगेच बदला. काठी आणि दुखरा पाय एकत्र पुढे टाकायचा. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय.

दुखतं म्हणून बसून राहू नका, पाय आणखी आखडतो. मी रोज चांगल्या कुशीवर झोपून वरचा, म्हणजे दुखरा पाय सरळ दहा वेळा उचलतो. मग उताणं होऊन, गुडघे दुमडून, कंबर दहा वेळा वर. थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही ठणकत राहिलं तर दोन-तीन वेळा कमी करा. पोहता येत असेल किंवा नुसतं पाण्यात चालायचं असेल तर त्र्यंबक रोडवरचा सावरकर जलतरण तलाव आहे. वजन जास्त असेल तर तेही उतरवा.

घरात कमोड आणि उंच खुर्ची हवी. बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत. वणीच्या सप्तशृंगी गडावर पायऱ्यांचा हट्ट सोडा, 2018 पासून ट्रॉली आहे.

वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून मनानं आणू नका. बीपी, किडनी किंवा पोटाचा त्रास असेल तर त्या महागात पडतात. सांध्यातली झिजलेली गादी पुन्हा भरून आणणारं औषध अजून तरी नाही, कुणी विकत असेल तर पैसे घालवू नका.

रात्रीची झोप उडाली, घरातल्या घरात चालणं अवघड झालं आणि व्यायाम, गोळ्यांनीही भागेना, की सांधा बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. पडल्यावर पाय टेकवता येत नसेल किंवा तापासोबत खुबा ठणकत असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ऑक्टोबर छाटणीला मी यंदा काठी वेलीच्या तारेला अडकवून, उंच स्टुलावर बसून काम केलं. दोन ओळींनंतर उठायचं, बांधापर्यंत चालायचं, परत बसायचं.