कॉलेजच्या हसऱ्या मित्राची स्मृतिसभा कशी जमवावी

आधी घरच्यांना विचारा. तेराव्याआधी घाई नको. जागा दादरला बघा, पश्चिम आणि मध्य रेल्वे दोन्ही तिथे मिळतात. रविवारी दिवसा बहुधा मेगाब्लॉक असतो (दुरुस्तीसाठी लोकल बंद), म्हणून वेळ संध्याकाळी 5 नंतरची ठेवा.

सगळ्यात मोलाचा त्याचा आवाज. व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज प्रत्येकाने आजच वेगळे साठवावेत. फोन बदलताना ते हरवू शकतात. जुने फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर आकार घटून चेहरे धूसर होतात. प्रत्येक फोटोला साल आणि नावं जोडा.

बोलायला प्रत्येकी 3 मिनिटं. ‘स्वभावाने चांगला’ एवढ्यावर थांबू नका, एक प्रसंग सांगा. नकला, गाणी, हशा होऊ द्या. कट्ट्यावरचा तो आई-बाबांनी कदाचित पाहिलेलाच नसतो. सगळं पेनड्राइव्हवर घालून त्यांना द्या, एक प्रत ग्रुपमधल्या कुणाकडे ठेवा.